मैत्रिणीच्या पदरात बांधलेलं गुपित: कादंबरीत ते फुटावं कधी आणि कुणाच्या तोंडून?

शाईचा_डाग
नमस्कार मंडळी. एका हस्तलिखिताच्या संपादनात गाडी अडली आहे. लेखिकेला विचारूनच इथे मांडते आहे.

साधारण ८५ हजार शब्द, ३८ प्रकरणं. नाशिकच्या एकाच वाड्यात वाढलेल्या दोघी, मीरा आणि कुंदा. मीराचं सासर निफाडजवळ, द्राक्षबागवाल्यांकडे. कुंदा लग्न करून कोल्हापूरला. १९९४ मध्ये मीराची धाकटी बहीण सुलभा लग्नाआधी गरोदर राहते. तिला चार महिने कुंदाकडे ठेवतात, तिथेच बाळंतपण होतं आणि मुलगी, रेवा, मीराची म्हणून वाढते. मीराला आधीचा तीन वर्षांचा मुलगा आहे, निनाद. आता २०२४: मीराचा नवरा वारला आहे, रेवा न्यू जर्सीत, निनाद बाग बघतो. गुपित मीरा, सुलभा आणि कुंदा यांच्यात. आई-वडील गेले.

सध्याच्या खर्ड्यात ते ३७व्या प्रकरणात फुटतं, रेवाच्या रक्तगटावरून. मला ते पटत नाही, पण दुसरं काय हेही सुचत नाही. प्रश्न तीन:
मध्यावर फुटावं की शेवटी?
कागदातून फुटावं की कुंदाच्या तोंडून?
आणि आजच्या काळात असलं गुपित तीस वर्षं टिकेल, हे वाचक मानेल का?

टवाळ_कार्टं
मालिका करा. डीएनए रिपोर्ट येईल, कुणीतरी तो बदलेल, मग बदललेला रिपोर्ट बदलला जाईल. तीन वर्षं निघतात आरामात.

खडूस_वाचक
३७व्या प्रकरणात गुपित फोडणं म्हणजे ३६ प्रकरणं वाचकाला बाहेरच्या खोलीत बसवून ठेवणं. मराठीत गेल्या काही वर्षांत आलेल्या बऱ्याच 'दोन मैत्रिणी' छापाच्या कादंबऱ्यांचा हाच आजार आहे. मैत्री ही गुपित वाहून नेणारी हातगाडी होते. गुपित उतरवलं की गाडी रिकामी.

एक साधी चाचणी सांगतो. दोघी एकत्र असलेले सगळे प्रसंग वेगळे काढा. त्यांतले किती प्रसंग गुपित पूर्ण वगळलं तरी उभे राहतात ते मोजा. निम्म्याहून कमी भरले तर ही मैत्रीवरची कादंबरी नाही, रहस्यकथा आहे. रहस्यकथा वाईट असं म्हणत नाही, पण मग तिला रहस्यकथेचे नियम लावा, म्हणजे पुरावे वाचकासमोर आधीपासून पडलेले हवेत.

आणि कुंदा प्रथमपुरुषी निवेदक असेल तर मेलेच. जी स्वतः सांगते आहे आणि जिला पहिल्या पानापासून सगळं ठाऊक आहे, तिने ३६ प्रकरणं गप्प बसणं ही शुद्ध लबाडी.

शाईचा_डाग
निवेदन तृतीयपुरुषी आहे, एक प्रकरण मीराच्या बाजूने, एक कुंदाच्या. म्हणजे लबाडी निम्मीच. :)

सूक्ष्मदर्शक
रक्तगटाबद्दल. कथा-कादंबऱ्यांत हे इतकं घिसंपिटं झालंय की हात जोडावेसे वाटतात, तरी वापरायचंच असेल तर नीट वापरा.

आई-बाप दोघेही 'ओ' असतील तर मूल 'ओ'च व्हायला हवं. एक पालक 'एबी' असेल तर मूल सहसा 'ओ' होत नाही. हे शाळेत शिकवतात आणि लेखक तिथेच थांबतात. मुंबईत १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जो गट पहिल्यांदा नोंदवला, त्या 'बॉम्बे' रक्तगटात पेशींवर 'एच' हा पायाच नसतो. 'ए' आणि 'बी' हे दोन्ही त्या पायावर बांधले जातात. पाया नाही म्हणून अशा माणसाचा गट नेहमीच्या तपासणीत 'ओ' दिसतो, पण त्याच्या जनुकांत 'बी' दडलेला असू शकतो आणि तो मुलात उतरतो. म्हणजे कागदावर 'ओ' आणि 'ओ', मूल 'बी', आणि आईच्या चारित्र्यावर काडीचा डाग नाही. भारतात हा गट साधारण दहा हजारांत एकाचा. उघडकीला येतो तो रक्त चढवायच्या वेळी, कारण अशा माणसाला साधं 'ओ' रक्तही जुळत नाही.

आता गंमत बघा. हे कुंदाला ठाऊक असेल (ती एखाद्या दवाखान्यात काम करणारी असू दे), तर रेवाने शंका काढल्यावर 'अगं, तुझ्या आईचा गट बॉम्बे असेल' ही थाप ती बेमालूम मारू शकते. म्हणजे रक्तगट गुपित फोडण्यापेक्षा ते झाकायलाच जास्त उपयोगी. थाप कधी पडेल? मीराला रक्त लागेल तेव्हा. साधं 'ओ' रक्त बिनबोभाट जुळलं की झालं.

संत्र्याची_साल
बाप्पा! मैत्रीण असावी तर अशी.

परसातला_कढीपत्ता
रेवा न्यू जर्सीत आहे म्हणजे कुणीतरी तिला लाळेची डीएनए चाचणी भेट देणारच, इकडे अमेरिकेत सणासुदीला निम्म्या किमतीत मिळते. लेखिका तो मार्ग घेणार असेल तर हिशोब आधी करून ठेवा, कारण इथे सर्रास चुकतं.

या चाचण्या 'ही तुझी आई' असं सांगत नाहीत. त्याच कंपनीच्या यादीतल्या माणसांशी किती डीएनए जुळतं तेवढं दाखवतात, सेंटिमॉर्गन या मापात. आई-मुलगी सुमारे ३,५००. सख्खी भावंडं सुमारे २,६००. मावशी-भाची सुमारे १,७००, आणि सावत्र बहीण किंवा आजीसुद्धा त्याच आकड्याच्या आसपास. सख्खं मावसभावंड ८५०-९००.

आता तुमच्या घरात हे लावा. मीराने चाचणी केलीच नाही तर रेवाला आईकडून काहीच कळत नाही. मीराच्या भावाच्या मुलाने केली तर तो रेवाचा चुलत-मावस दर्जाचा भाऊ दिसेल, ८५०च्या घरात. रेवा मीराची असो की सुलभाची, हा आकडा तोच! गुपित शाबूत. फुटेल ते दोनच ठिकाणी. एक, निनादने चाचणी केली तर, कारण सख्खा भाऊ २,६००ऐवजी ९००च्या खाली येईल. दोन, खऱ्या बापाची एखादी मुलगी इकडे असेल आणि अचानक १,७०० घेऊन यादीत उगवेल. तेव्हासुद्धा ती सावत्र बहीण की आत्या हे आकड्यावरून कळत नाही, वय बघून अंदाज करावा लागतो.

शिवाय पिढ्यानपिढ्या जातीत आणि नात्यात लग्नं झालेल्या घरांत आकडे थोडे फुगलेले येतात. आपल्याकडच्या लोकांची संख्याही त्या याद्यांत कमीच. रेवाने थुंकलं आणि दुसऱ्या पानावर सत्य कळलं, असं नका करू.

ओसरी
चाचण्या, आकडे सगळं ठीक. पण मूळ गृहीतकच कच्चं वाटतं. वाडा म्हणजे काय? एका नळावर आठ बिऱ्हाडं. मीराला सातवा महिना लागलाय आणि तिचं डोहाळजेवण नाही, माहेरी बाळंतपणाला आली नाही, आणि तिकडे धाकटी 'कोर्स करायला' गायब. वाड्यातल्या बायका बोटं मोजतात हो! पहिल्या महिन्यात कळलं असेल सगळ्यांना. निफाडच्या सासरलाही.

आपल्या घरांतली गुपितं बहुतेक वेळा 'कुणालाच माहीत नाही' या जातीची नसतात, 'सगळ्यांना माहीत, बोलत कुणीच नाही' या जातीची असतात. ज्याच्याबद्दल असतात त्याला तेवढं माहीत नसतं. मग रेवाला जे कळायचं ते सत्य नाही, आपल्या लग्नात अक्षता टाकणाऱ्या दोनशे माणसांना हे ठाऊक होतं, हे तिला कळायचंय. ते जास्त जिव्हारी लागेल.

यातून कुंदाचंही नीट जमतं. ती गुपित 'जाणणारी एकटी' राहत नाही. सगळ्यांना मूल सुलभाचं हे माहीत, पण बाप कोण हे फक्त कुंदाला. मीरालाही नाही.

चाफेकळी
+१. ओसरी, जियो. मीराला माहीत नसलेली एखादी गोष्ट कुंदाकडे असली की तराजू हलायला लागतो.

खडूस_वाचक
ओसरींशी अर्धा सहमत. 'सगळ्यांना माहीत' हे १९९४च्या वाड्याला लागू. पण ते वाडे पडून सोसायट्या झाल्या, बिऱ्हाडं पांगली. २०२४ मध्ये माहीत असलेल्यांपैकी निम्मे वर गेले, उरलेल्यांना विसर पडला. सत्य जाणणाऱ्यांची यादी लेखिकेने खरंच कागदावर करावी: नाव, कधी कळलं, कुणाकडून, आज जिवंत आहे का, त्याला वाटतं आणखी कुणाला माहीत आहे. पाच रकाने. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, कारण संवाद त्यातूनच लिहिले जातात. हा तक्ता न करता लिहिलेल्या कादंबरीत बाराव्या प्रकरणात अनभिज्ञ असलेली काकू विसाव्यात सूचक हसते.

कंदील
इटालियन लेखिका एलेना फेरांते यांच्या नेपल्सच्या दोन मैत्रिणींवरच्या चार खंडांचं (२०११ ते २०१४) उदाहरण इथे लागू आहे. दोघींतली एक, लीला, नाहीशी झाली आहे, हे पहिल्या खंडाच्या पहिल्याच पानांत सांगून टाकलंय. धक्का देऊन मोकळ्या, आणि मग चार खंड मैत्री. दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला लीला आपल्या आठ वह्या एका पत्र्याच्या डब्यात घालून मैत्रिणीच्या (निवेदक, तिचंही नाव एलेनाच) हवाली करते: नवऱ्याच्या हाती लागू नयेत, आणि तू उघडू नकोस. एलेना त्या उघडते, वाचते, काही उतारे पाठही करते आणि शेवटी तो डबा पिसाच्या पुलावरून नदीत ढकलते. त्या वह्यांत काय होतं यापेक्षा तिने तो डबा ढकलला, हे वाचकाला जास्त काळ टोचतं.

म्हणजे गुपितातला मजकूर दुय्यम. ते जिच्या हवाली केलं तिने त्याचं काय केलं, ही कादंबरी. कुंदाकडे १९९४ची अशी काही वस्तू आहे का? केसपेपर, पत्रं, काहीतरी?

टवाळ_कार्टं
आमच्याकडे पत्र्याच्या डब्यात फक्त सुईदोरा निघतो. बिस्किटाचा डबा असला तरी.

सूक्ष्मदर्शक
एक राहिलं. 'तेव्हा गर्भपात का नाही केला' हे वाचक विचारणारच, त्याचं उत्तर कादंबरीत एका ओळीत तरी हवं. १९७१च्या कायद्यात मर्यादा २० आठवड्यांची होती, १२ आठवड्यांनंतर दोन डॉक्टरांचं मत लागे. संततिनियमन फसल्याचं कारण कायद्याच्या शब्दांत विवाहितेपुरतंच होतं, ते २०२१च्या दुरुस्तीत बदललं. अविवाहितेसाठी मानसिक आघाताचं कारण लावता येई, पण ते डॉक्टरवर अवलंबून. सुलभाने पाचवा महिना सरेपर्यंत लपवलं असेल तर दार बंदच होतं. 'पापभीरू घर होतं' वगैरे लिहिण्याची गरज नाही, आठवडे मोजले की पुरे.

उन्हाळी_वाळवण
मी दोघींच्या प्रसंगांबद्दल बोलते. बहुतेक कादंबऱ्यांत मैत्रिणी भेटल्या की चहाचा कप हातात घेऊन खिडकीबाहेर बघतात आणि मनातलं बोलतात. प्रत्यक्षात मोकळेपणाचं बोलणं हात गुंतलेले असताना होतं, आणि समोरासमोर बघायला लागत नाही तेव्हा होतं.

कुरडया घ्या. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, नाहीतर आंबूस वास चढतो. वाटून, पिळून, गाळून चीक रात्रभर ठेवायचा आणि पहाटे वरचं पिवळट पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं. मग जितका चीक तितकं पाणी उकळायला ठेवायचं, मीठ-हिंग घालायचं. खरी गोची पुढे: एकीने चीक धारेने सोडायचा आणि दुसरीने लाकडी दांड्याने एकसारखं ढवळायचं. धार जरा जास्त पडली किंवा हात थांबला की गुठळ्या, आणि गुठळी सोऱ्यात अडकते, कुरडई तुटते. आठ-दहा मिनिटं दोघींपैकी कुणालाही जागा सोडता येत नाही, मान वर करता येत नाही.

आता त्या मिनिटांत मीरा म्हणते, 'रेवाचं स्थळ आलंय, पत्रिका मागतायत.' कुंदाच्या हातातली धार तशीच चालू राहायला हवी. ती थरथरली तर मालिका झाली. बिघडलंच तर कुरडया वाळल्यावर, चार दिवसांनी दिसू दे.

चाफेकळी
पत्रिका! शाईचा_डाग, हाच तुमचा कागद.

जन्मदाखल्यावर खोटं लिहून घेणारी आजी ज्योतिषाला खोटं सांगणार नाही. महानगरपालिकेला फसवायला तिची हरकत नसते, ग्रहांना फसवायची छाती नसते. घरात सगळ्यांना रेवाचा जन्म नाशिकचा म्हणून सांगितलाय आणि आजीने करून घेतलेल्या पत्रिकेवर ठसठशीत 'जन्मस्थळ: कोल्हापूर'.

टवाळ_कार्टं
आजीला कुणीतरी सांगायचं होतं की नाशिक-कोल्हापूर रेखांशात अर्ध्या अंशाचाही फरक नाही, दोन मिनिटांच्या आतलं प्रकरण. अक्षांशामुळे पडेल तेवढाच फरक. नाशिक लिहिलं असतं तरी मंगळ फारसा हलला नसता.

ओसरी
कार्ट्याला ज्योतिष येतं! नोंद घेतली आहे.

(आणि पत्रिका तिसऱ्या-चौथ्या प्रकरणातच कपाटातून निघाली पाहिजे, म्हणजे खडूस_वाचक यांचा पुराव्याचा नियमही सांभाळला जातो. कुणी नीट वाचत नाही, फक्त रास आणि नाडी बघतात, बाजूला ठेवतात.)

संत्र्याची_साल
पण फुटायला कारण काय? तीस वर्षं सगळं गुण्यागोविंदाने चाललंय. बाग आहे म्हणता, तर मीराच्या दिराला भांडायला लावा. भाऊ वारल्यावर म्हणेल, ही पोरगी आमच्या घरची नाहीच, हिला वाटा कशाला.

मुद्रांक
दीर चालणार नाही. वडिलोपार्जित जमिनीत मीराच्या नवऱ्याच्या शाखेचा हिस्सा ठरलेला आहे, त्या शाखेत मुलं किती यावर तो कमी-जास्त होत नाही. रेवा बाजूला झाली तर दिराच्या पदरात दमडी पडत नाही. फायदा एकाच माणसाचा (मीरा सोडून): निनादचा.

आकडे मांडतो. समजा या शाखेची सहा एकर बाग. नवरा वारल्यावर आधी काल्पनिक वाटणी (तो जिवंत असतानाच वाटणी झाली असं धरून): नवरा, मीरा, निनाद, रेवा, चौघांना चौथाई. मग नवऱ्याची चौथाई उरलेल्या तिघांत. शेवटी प्रत्येकी एक तृतीयांश, म्हणजे दोन एकर. मुलीचा हा जन्मसिद्ध हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने आला आणि विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी पक्का केला. रेवा मुलगी नाही असं ठरलं तर मीरा आणि निनाद निम्मे-निम्मे, तीन-तीन एकर. निनादला सरळ एक एकर द्राक्षबाग जास्त.

क्रमही नीट घ्या, कारण कादंबऱ्यांत थेट कोर्टाचा सेट लागतो. आधी वारस नोंदीचा अर्ज. तलाठी चौकशी करून फेरफार (हक्कबदलाची नोंद) धरतो, नोटिसा निघतात, हरकतीला १५ दिवस. हरकत आली तर नोंद तक्रार नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. बहुतेक घरांत भांडण इथे सुरूच होत नाही. आधी भाऊ गोडीत हक्कसोडपत्र मागतो: 'तू तिकडे असतेस, सही करून जा, ताई.' ते नोंदणीकृत लागतं, म्हणजे एकतर तिने यायचं किंवा मुखत्यारपत्र पाठवायचं. रेवा नाही म्हणते. इथपर्यंत निनाद वाईट माणूस नाही, बाग तोच बघतो. मग घर आवरताना त्याच्या हाती काहीतरी लागतं. चाफेकळींची पत्रिका लागू शकेल. आणि दाव्याची नोटीस येते.

शाईचा_डाग
मुद्रांक, हे फारच कामाचं. निनादला खलनायक न करता हे होतंय हे विशेष. पण मग रेवाची बाजू कायद्याने लंगडीच ना? ती मीराची नाहीच.

मुद्रांक
लंगडी आहे, पण पडलेली नाही. आणि इथेच तुमची कुंदा आहे.

हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६. दत्तकपत्र नोंदणीकृत असेल तर कोर्ट दत्तक झालं असं गृहीत धरतं. पण नोंदणी ही दत्तकाची अट नाही. होमाचीही सक्ती नाही. लागतं ते एवढंच: ज्याला अधिकार आहे त्याने मूल प्रत्यक्ष देणं आणि दुसऱ्याने घेणं, दत्तकाच्या इराद्याने. अविवाहित आई, म्हणजे सुलभा, मूल देऊ शकते. मीराच्या नवऱ्याला आधीचा मुलगा आहे, मुलगी नाही, म्हणून मुलगी दत्तक घ्यायला आडकाठी नाही (आधीची मुलगी असती तर झालं नसतं). मीराची संमती आहेच.

मग सिद्ध काय करायचं? त्या दिवशी कोल्हापुरात सुलभाने बाळ मीराच्या नवऱ्याच्या आणि मीराच्या ओटीत घातलं, हे पाहणारा साक्षीदार. आई-वडील गेले. नवरा गेला. सुलभा आणि मीरा स्वतःच्याच बाजूच्या. उरली कोण?

म्हणजे गंमत अशी की रेवाचे दोन एकर वाचवायचे तर कुंदाने तीस वर्षं पाळलेलं गुपित शपथेवर उघड करायचं. ती गप्प राहिली तर गुपितही जातं आणि जमीनही.

एक अट: मीराचा नवरा त्या दिवशी तिथे हजर हवा. सध्याच्या खर्ड्यात आहे का?

कंदील
हे वाचून दोन मिनिटं गप्प बसावं लागलं. वाचनखूण साठवली आहे.

शाईचा_डाग
नाही! खर्ड्यात तो बागेत छाटणीच्या गडबडीत आहे, मीरा एकटीच रात्रीच्या एसटीने जाते. बदलावं लागेल.

उन्हाळी_वाळवण
छाटणी म्हणताय तर बाळाचा जन्म एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये बसतो. नाशिककडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा, खरड छाटणी उन्हाळ्यात आणि गोडी छाटणी पावसाळा सरताना. जन्म त्यांच्या मध्ये, जुलैत घेतलात तर नवऱ्यालाही एसटीत बसवता येईल.

खडूस_वाचक
मुद्रांक यांचा कायदा मान्य, नाट्य संशयास्पद. कुंदा साक्षीला उभी राहून भाषण करणार आणि कोर्ट स्तब्ध होणार, हे नको.

मुद्रांक
होणारच नाही. दिवाणी दाव्यात सरतपास (साक्षीदाराचं आपल्या बाजूने पहिलं सांगणं) शपथपत्रावर लेखी होतो. म्हणजे कुंदाचं म्हणणं वकिलाच्या टंकलेखकाने टाइप केलेलं असणार, 'मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की' या भाषेत, क्रमांक घातलेल्या परिच्छेदांत. तीस वर्षांचं ओझं 'परिच्छेद ६' म्हणून. जिवंत काय असेल तर उलटतपास. तिथे निनादच्या वकिलाचे प्रश्न कोरडे आणि बारीक असतात: बाळ कुठल्या खोलीत दिलं? तेव्हा तोंडी काय शब्द वापरले? दत्तक दिलं होतं तर जन्मदाखल्यावर आई म्हणून मीराचं नाव कुणी सांगितलं? तुम्ही सांगितलंत का?

हा शेवटचा प्रश्न घातक आहे. पोटची म्हणून नोंद आणि दत्तक म्हणून दावा, या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात. दत्तक सिद्ध करण्याचा भार सांगणाऱ्यावर असतो आणि तो हलका नसतो. निकाल कुठेही जाऊ शकतो. कादंबरीला तेच सोयीचं.

चाफेकळी
आणि दाखल्यासाठी माहिती कुंदानेच दिली असेल तर? घर तिचं, दवाखाना तिच्या ओळखीचा. म्हणजे जे खोटं तिने मैत्रिणीसाठी लिहून दिलं, तेच आता मैत्रिणीच्या लेकीच्या आड येतंय.

ओसरी
चाफेकळी, तुम्ही लिहायला घ्या आता.

संत्र्याची_साल
कुंदाचं स्वतःचं काही आहे की नाही? तिचा नवरा, तिचे पैसे, तिचं दुखणं? आतापर्यंत ती नुसती मीरासाठीच राबतेय.

चाफेकळी
बरोबर. तिला एक लहान गुपित द्या जे मीराला ठाऊक नाही. मोठं नको, खर्चाचं असू दे. बारा बायकांची भिशी, महिन्याला दोन हजार, म्हणजे नंबर लागला की चोवीस हजार हातात, आणि घरी फक्त 'हजाराची भिशी आहे' एवढंच सांगितलेलं. उरलेले बारा हजार कुठे जातात? ओसरी म्हणाल्या तसं बाप कोण हे तिला माहीत असेल तर... पुढचं लेखिकेवर सोडते.

टवाळ_कार्टं
भिशीत बारा बायका आणि गुपित राहिलं? यापेक्षा बॉम्बे रक्तगट जास्त शक्य वाटतो.

कंदील
अवांतर: गुपितांचाच विषय आहे म्हणून. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं ते विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींची घुसमट त्यात होती, गदारोळ झाला, आणि ही बाई कोण याचाच शोध लोक घेत बसले. बाई म्हणजे मालती बेडेकर. नव्वद वर्षांपूर्वी लेखिकेला स्वतःचं नावच लपवावं लागत होतं, पात्रांचं पुढचं.

खडूस_वाचक
अवांतर आवडलं. आता मूळ प्रश्नाकडे. कधी फुटावं?

मुद्रांक यांची रचना घेतली तर उत्तर आपोआप येतं. वाचकाला पहिल्या पाच-सात हजार शब्दांतच सांगून टाका. कुंदाच्या बाजूचं प्रकरण आहे, तिच्या डोक्यात ते असणारच, लपवू नका. पत्रिका दहा हजारांच्या आत कपाटात दाखवा. हक्कसोडपत्राची मागणी तीस हजाराच्या सुमारास, निनादची शंका चाळिसाच्या. कुंदा साक्ष द्यायचं ठरवते ते पंचावन्न हजारावर. म्हणजे कादंबरीचे दोन तृतीयांश झाल्यावर ते फुटतं, आणि कुंदाच्याच तोंडून.

शाईचा_डाग
आणि उरलेल्या तीस हजारांत? निकालाची वाट?

ओसरी
निकाल नकोच, दिवाणी दावा आहे, लेखिका म्हातारी होईल. उरलेल्या शब्दांत मीरा आणि कुंदा बोलत नाहीत. तीस वर्षं रोज फोन करणाऱ्या दोघी बोलत नाहीत, म्हणजे काय काय अडतं ते लिहा. मीराला औषधाच्या गोळ्या कुठल्या वेळेला घ्यायच्या हे कुंदाला पाठ होतं. कुंदाच्या सुनेचं बाळंतपण मीराने करायचं ठरलं होतं. आणि साक्षीआधी कुंदाने मीराला विचारलं होतं की नाही, हा प्रसंग तर लिहावाच लागेल. माझं मत: विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मीरा नको म्हणाली असती.

मुद्रांक
विचारलं नसलं तरी मीराला आधीच कळलेलं असणार. साक्षीदारांची यादी दाखल करावी लागते आणि ती तिच्या वकिलाकडेही येते. कुंदाचं नाव मीरा त्या यादीत वाचेल.

उन्हाळी_वाळवण
मग त्या वर्षीच्या कुरडया कोण घालतं तेही लिहा. एकटीने चीक शिजवायचा तर पातेलं लहान घ्यावं लागतं, किलोभराचाच घाणा निघतो. आणि गुठळ्या होतातच.

शाईचा_डाग
सगळं लेखिकेला पाठवलं. तिचा एकच प्रश्न आलाय, मुद्रांक यांच्यासाठी: रेवाला साक्षीच्या दिवशी न्यू जर्सीहून यायलाच हवं का, की व्हिडिओवर चालेल? तिला ती मागच्या बाकावर बसलेली हवी आहे.

मुद्रांक
कुंदाच्या साक्षीला रेवाने हजर असायची सक्ती नाही, वकील असला की पुरे. पण ती पक्षकार आहे, हवं तर बसू शकते. मात्र रेवाची स्वतःची साक्ष अजून व्हायची असेल तर समोरचा वकील हरकत घेईल की हिने ऐकून जबाब जुळवला. म्हणून रेवाची साक्ष आधी उरकून घ्या, मग बसवा मागच्या बाकावर.